भूछत्राचं गाव कोणतं?

पाऊस सुरू झाल्यापासून तुमचे जे प्रश्न येताहेत त्यातले निम्म्याहून जास्त भूछत्रांचे आहेत, कुणी कुंडीतला फोटो पाठवलाय, कुणी आरेतल्या वाटेवरचा, एकाने तर ट्रेनच्या खिडकीतून काढलाय. म्हणून या अंकात बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले. मी बरीच वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली आणि माझं माहेर कुडाळकडचं, त्यामुळे अळंबी हा विषय निघाला की मला आवरतं घेता येत नाही, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत एका रात्रीत पिवळीधमक, अगदी लिंबासारखी दहा-बारा भूछत्रं उगवली आणि दुपारपर्यंत मान टाकून पडली. आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो, तिथे ही आली कुठून? मोगरा मरेल का? (मुलुंड)

मोगऱ्याला काहीही होणार नाही, निर्धास्त राहा. ही बुरशी जिवंत मुळांना हात लावत नाही, कुंडीतलं शेणखत, कोकोपीट, कुजकी पानं खाते. फक्त घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर छत्र्या उपटून टाका, कारण त्या खायच्या नाहीत. उपटल्या तरी खालचे धागे मातीत राहतातच, तेव्हा पुढच्या पावसात परत दिसतील.

आता आली कुठून. वाऱ्याने आली असेलही, पण माझा अंदाज विचाराल तर नर्सरीतून माती आणलीत ना, तिच्यातूनच. हिचं नाव ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमी, आणि या नावामागची गोष्ट मला फार आवडते. मूळची उष्ण प्रदेशातली ही बुरशी, पण तिला बिर्नबाउम हे नाव मिळालं ते 1839 साली थंडगार प्राग शहरातल्या एका काचघरात सापडली म्हणून! तिथल्या बागेच्या देखरेखीवर असलेल्या बिर्नबाउम नावाच्या गृहस्थांना ती दिसली आणि कोर्डा या शास्त्रज्ञाने त्यांच्या नावावर तिचं बारसं केलं. युरोपातल्या श्रीमंतांनी काचघरात वाढवायला उष्ण देशांतली झाडं नेली, त्यांच्या मातीतून ही पण गेली. आज जगात जिथे जिथे माणूस कुंडीत झाड लावतो तिथे ती आहे. म्हणजे तुमच्या बाराव्या मजल्यावर ती लिफ्टनेच आली, तुम्हीच कुंडी उचलून आणलीत तेव्हा.

प्रश्न : मी मूळची सावंतवाडीची, आता बोरिवलीला. गावी वारुळावर उगवणारी अळंबी मृगानंतर मिळायची, तशी चव कशालाच नाही. बाजारातली बटण मशरूम मला रबरासारखी लागतात. ही अळंबी वारुळावरच का येते? आणि कुणी तिची शेती का करत नाही? (बोरिवली)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या परसामागचं वारूळ आठवलं. आजी आम्हाला पहाटे उठवून न्यायची, अळंबी हळूच हलवून ओढायची आणि खाली हा एवढा लांब, पांढरा, मुळासारखा दांडा निघायचा, हातभर तरी. आम्ही विचारायचो एवढं मूळ कशाला? आजी म्हणायची, खाली घर आहे तिचं. आजीचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

ही अळंबी वारुळावर उगवते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती वारुळाच्या आत पेरलेली असते. आणि शेतकरी कोण, तर वाळवी. वाळवीला लाकूड-पाला धड पचत नाही, मग ती तो चावून, गिळून, विष्ठेच्या रूपाने जमिनीखालच्या कप्प्यात रचते, मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र रचना करते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातला कठीण भाग फोडते आणि बारीक पांढरे मणी तयार करते. वाळव्या ते मणी आणि बुरशीने मऊ केलेलं ते पोळं दोन्ही खातात. म्हणजे आपण जी छत्री भाजीत टाकतो ती बुरशीची शेवटची पायरी, तिचं खरं आयुष्य खाली त्या अंधाऱ्या शेतात गेलेलं असतं, आणि तो लांब दांडा म्हणजे शेतापासून उजेडापर्यंतचा जिना.

या बुरशीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, रॉजर हाईम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली दिलेलं. आता तिचा गाव बघा. वाळवी आणि ती, दोघींची भागीदारी आफ्रिकेतल्या वर्षावनात साधारण 3 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. टांझानियात तर वाळवीच्या शेताचे जीवाश्मच सापडलेत, अडीच कोटी वर्षांपूर्वीचे, त्या पोळ्यासकट दगड झालेले! मग आफ्रिकेतून वाळव्या आशियात आल्या आणि सोबत बुरशीही आली. सावंतवाडीची अळंबी, गोव्याची अळमी, विदर्भात सात्या म्हणतात ती, सगळी याच कुळातली, सगळ्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. झांबियात हिची एक बहीण आहे, टायटॅनिकस, तिची छत्री मीटरभर रुंद होते, एकच आणली की अख्ख्या वाडीचं जेवण. वाळव्यांच्या 300 हून जास्त जाती अशी शेती करतात आणि जंगलात ही बुरशी वाळवीशिवाय एकटी राहत नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. पहिला पाऊस पडला की आपल्याकडे दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या गर्दी करतात, आपण दिवे बंद करतो, परातीत पाणी ठेवतो. त्या नवीन घर मांडायला निघालेल्या असतात. बहुतेक जातींत ही जोडी बियाणं न घेताच घर सोडते! जोडी जमिनीत शिरते, दार लिंपून घेते, अंडी घालते, पहिले कामकरी तयार होतात आणि काही काळाने ते चारा आणायला बाहेर पडतात. नेमक्या त्याच सुमाराला जुन्या वारुळांवर छत्र्या उघडलेल्या असतात, आजूबाजूच्या पाल्यावर त्यांचे बीजाणू पडलेले असतात, कामकरी तो पाला खातात आणि नकळत बियाणं घरी नेतात. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, वारुळावरची सगळी अळंबी उचलू नका, चार-पाच पूर्ण उघडलेल्या छत्र्या राहू द्या. आजी ठेवायची, कारण विचारलं तर म्हणायची देवाचा वाटा.

थोड्या जाती मात्र बियाणं पोटात घेऊनच उडतात. आणि गंमत म्हणजे मादागास्कर बेटावर समुद्र ओलांडून पोचली ती नेमकी अशीच एक, साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वी. शिदोरी बरोबर होती म्हणून नव्या मुलखात संसार उभा राहिला, बाकीच्यांना तिथे बियाणंच मिळालं नसतं.

शेती का होत नाही हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. बटण मशरूमला कुजवलेला भुसा-खत पुरतं, धिंगरीला, म्हणजे ऑयस्टर मशरूमला, भाताचा पेंढा. हिला वाळवी लागते. लॅबमध्ये तिचे धागे वाढतात, पण बाजारात विकता येईल अशी छत्र्यांची शेती अजून जमलेली नाही. तोपर्यंत पावसाळ्यात वसई-पालघरकडे हायवेच्या कडेला आदिवासी बाया पानात बांधून रानातली अळंबी विकायला बसतात तिथे चौकशी करा, आणि त्या सांगतील तो भाव द्या, घासाघीस करू नका. पहाटे उठून ओळखीच्या जागेवरनं ओळखीचीच अळंबी आणणं हे ज्ञान आहे, भाजी विकणं नाही नुसतं.

प्रश्न : एक मेसेज फिरतोय की भूछत्रं शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाका, काळं नाही पडलं तर खायला हरकत नाही. खरं आहे का? आमच्या सोसायटीच्या लॉनवर मोठी पांढरी भूछत्रं गोलात आलीत. (ठाणे पश्चिम)

नाही, नाही, नाही. खाऊ नका आणि तो मेसेज पुढेही पाठवू नका. चांदी, लसूण, हळद, तांदूळ, किड्यांनी कुरतडलेलं आहे का, कुठल्याच गोष्टीने विष कळत नाही. काही भूछत्रांत असणारं अमॅटॉक्सिन नावाचं विष शिजवून जात नाही, चव वाईट लागत नाही, खाल्ल्यावर 6 ते 12 तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटतं, माणूस म्हणतो सुटलो, आणि आत यकृत निकामी होत असतं. कुणी चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि उरलेलं भूछत्र कागदात गुंडाळून बरोबर न्या.

तुमच्या लॉनवरचं बहुतेक क्लोरोफिलम मॉलिबडाइट्स असावं. फोटोवरून मी कधीच शंभर टक्के सांगत नाही, पण एक करून बघा, छत्री कापून पांढऱ्या कागदावर उपडी ठेवा, वर वाटी झाका, सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटला तर तेच. हात लावायला भीती नाही, नंतर धुवा. याने जीव सहसा जात नाही, पण उलट्या-जुलाब इतके भयंकर होतात की सलाईन लावावं लागतं. उष्ण हवेतलं हे भूछत्र आणि लॉन त्याला भारी मानवतं, जगात जिथे उबदार हवेत हिरवळ राखली जाते तिथे हे हजर.

प्रश्न : भूछत्राचे बीजाणू धुळीहून बारीक असतात, वाऱ्याने कुठेही जाऊ शकतात. मग जगभर सगळीकडे सारखीच भूछत्रं का नाहीत? पुस्तकात लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं असतं ते मी नॅशनल पार्कमध्ये दहा वर्षं शोधतोय. (कांदिवली)

तुमच्यासारखंच मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटायचं. 1934 साली बास बेकिंग या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मजीवांबद्दल म्हटलं होतं की सगळं सगळीकडे असतं, पर्यावरण निवड करतं, आणि बुरशीलाही बरीच वर्षं तेच लावलं गेलं. आकडे बघितले तर पटतंही. झाडाच्या खोडावर फळीसारखी वाढणारी गॅनोडर्मा असते ना, तिच्या एका मोठ्या फळीतून दिवसाला 3,000 कोटी बीजाणू सुटू शकतात! पण छत्रीवाल्या जातींचे बीजाणू कुठे पडतात ते लोकांनी बारकाईने मोजलं, तेव्हा बहुतेक सगळे एका मीटरच्या आतच पडलेले दिसले. उरलेल्यांपैकी किती उन्हात मरतात. जो कुठे लांब रुजतो त्याला जोडीदार लागतो, कारण एकट्या बीजाणूपासून सहसा छत्री होत नाही, दोन वेगळ्या प्रकारच्या बीजाणूंचे धागे भेटावे लागतात.

आणि मग सगळ्यात मोठी अट, सोबती. तुम्ही शोधताय ते अमॅनिटा मस्कारिया, ते बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांशी बांधलेलं असतं, झाड त्याला साखर देतं आणि ते झाडाला पाणी-खनिजं. नॅशनल पार्कात ना बर्च ना पाइन, त्यामुळे अजून दहा वर्षं शोधलंत तरी मिळणार नाही, माफ करा. डीएनएवरून त्याचं मूळ सायबेरिया-अलास्काच्या पट्ट्यात निघतं. विषुववृत्त त्याने स्वतःहून ओलांडलं नाही, पण माणसाने ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत पाइनची लागवड केली आणि मुळांच्या मातीबरोबर ते तिकडे पोचलं. डेथ कॅप नावाचं युरोपातलं महाविषारी भूछत्र असंच अमेरिकेत गेलं, कॅलिफोर्नियात त्याची नोंद 1938 ची, माँटेरेमधल्या एका हॉटेलच्या बागेतली. पुढे त्याने तिथल्या स्थानिक ओक झाडांशी सोयरीक जमवली आणि आता तिकडच्या जंगलात ते भरपूर आहे.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे झारखंड-छत्तीसगडचा रुगडा किंवा पुटू, मातीतून गोळ्यांसारखा निघतो, सालाच्या जंगलात. साल नाही तर रुगडा नाही. मुंबईच्या आसपास साग, ऐन, पळस. त्यांच्याही मुळांशी बुरशी असते, पण ती वेगळ्या, फार जुन्या घराण्यातली, ती छत्री काढतच नाही. त्यामुळे येऊरला, आरेत, शिळोंड्याच्या वाटेवर तुम्हाला जे दिसतं ते मुख्यतः कुजकं लाकूड-पाला खाणारं किंवा वाळवीचं. हे एकदा लक्षात आलं की रानात फिरताना नजरच बदलते, भूछत्र दिसलं की मी आधी त्याचा सोबती शोधते, शेजारी कुठलं झाड आहे, खाली ओंडका आहे का, वारूळ आहे का.

सोबती न लागणारं कुठवर जातं ते बघायचं असेल तर पावसात तोडून टाकलेल्या आंब्या-गुलमोहराच्या फांद्या बघा. त्यावर राखाडी, लोकरीसारखे केस असलेले छोटे पंखे दिसतील, खालून पट्ट्या मधोमध चिरलेल्या. ही शिझोफायलम कम्यून, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत आहे, मणिपूरमध्ये आवडीने खातात. हिला कुठलंही मेलेलं लाकूड चालतं, उन्हाळ्यात चुरमुऱ्यासारखी वाळते आणि पाणी मिळालं की परत जिवंत होते. शिवाय आपल्यात कसे स्त्री-पुरुष दोनच, हिच्यात जोड्या जमण्यासाठी 23,000 हून जास्त प्रकार आहेत! त्यामुळे लांबून उडत आलेल्या बीजाणूला जवळपास कुणीही परका भेटला तरी संसार जमतो.

एक गोष्ट अजून. आधी दिसण्यावरून नावं दिली जायची, म्हणून युरोपातलं नाव अमेरिकेतल्या भूछत्रालाही चिकटायचं. 2012 मध्ये बुरशी ओळखायला डीएनएचा एक ठरावीक तुकडा सगळ्यांनी मान्य केला, आणि एकच वाटणाऱ्या कितीतरी जाती फुटून वेगळ्या निघाल्या. अमेरिकेतली शँटरेल नावाची पिवळी भूछत्रं घ्या, ती युरोपातल्या नावाने ओळखली जायची, आता तिथल्याच अनेक वेगवेगळ्या जाती आहेत हे कळलंय. आपल्या सह्याद्रीतल्या भूछत्रांचं हे काम कितीतरी बाकी आहे आणि ते कुणीतरी तरुणाने हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : डायनोसॉरच्या वेळी मशरूम होते का? मी सहावीत आहे. (अंधेरी)

हो, होते! ब्राझीलमध्ये चुनखडीच्या दगडात एक मशरूम सापडलाय, जेमतेम 5 सेंटिमीटर उंच, तुझ्या बोटाएवढा, पण छत्री, दांडा, गिल्स म्हणजे छत्रीखालच्या पट्ट्या, सगळं दिसतं. वय साधारण साडेअकरा कोटी वर्षं. त्याचं नाव गोंडवानागॅरिसाइट्स, 2017 मध्ये जगाला कळलं. मशरूम इतका मऊ असतो की दोन दिवसांत सडतो, त्यामुळे तो दगडात टिकला हाच चमत्कार. तो खाऱ्या पाण्याच्या तळ्यात पडला, तळाशी गेला आणि गाळात झाकला गेला म्हणून राहिला. तुझ्या अंधेरीतली गिल्बर्ट हिल बघितलीस ना? ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. म्हणजे तो दगड उकळत होता तेव्हा हा मशरूम आधीच पाच कोटी वर्षं जुना झालेला होता.

छत्रीवाले नसले तरी बुरशी त्याहून कितीतरी जुनी, स्कॉटलंडमध्ये रायनी गावाजवळच्या दगडात 40 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या आत बुरशीचे धागे दिसतात. आणि तुझ्या मित्रांना हे सांग, बुरशी झाडांपेक्षा आपल्याला जवळची नातेवाईक आहे, प्राण्यांचा आणि तिचा पूर्वज एक होता, 100 कोटी वर्षांहून आधी.

प्रश्न : भीमाशंकरला रात्री लाकडं चमकताना बघितली. ते काय? (घाटकोपर)

ओल्या लाकडातले बुरशीचे धागे, मायसिना नावाच्या भूछत्रांच्या नात्यातले. हिरवट उजेड देतात. ही युक्ती त्या कुळात साधारण 16 कोटी वर्षांपूर्वी एकदाच आली आणि पुढे बऱ्याच जातींनी ती गमावली, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. बघायला जाल तेव्हा टॉर्च बंद करून दहा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या आणि ती काडी घरी आणू नका, वाळली की विझते.

प्रश्न : मी किट आणून घरी धिंगरी वाढवते. तीनदा पीक घेतलं, आता पिशवी येऊरच्या जंगलात टाकू का? निसर्गातलं निसर्गात जाईल. (ठाणे)

भावना चांगली आहे पण नका टाकू. किटमधली जात कुठली हे पाकिटावर नीट बघा, बऱ्याचदा ती इथली नसते. अमेरिकेत हेच झालं. सोनेरी धिंगरी म्हणून एक सुंदर पिवळी जात आहे, मूळची रशियाच्या पूर्व टोकाची, चीन-जपानकडची. लोकांनी हौसेने वाढवली, ती साधारण 2010 च्या सुमाराला बाहेर निसटली आणि आता तिथल्या 25 राज्यांत पसरलीय. मेलेल्या झाडावर ती शिरली की तिथे आधीपासून राहणाऱ्या इतर बुरशींची संख्या घटते, हे 2025 मध्ये तपासून दाखवलं गेलंय. एकदा लाकडात शिरलेली बुरशी बाहेर काढायचा उपाय कुणाकडे नाही.

पिशवी फोडा, पेंढा गच्चीवर पसरून कडकडीत उन्हात वाळवा, आणि ऊन नसेल, म्हणजे आत्ता नाहीच आहे, तर मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात अर्धा तास ठेवा. मग ओल्या कचऱ्यात द्या किंवा घरच्याच कुंडीत खत म्हणून घाला.